ऑनलाइन लैंगिक ब्लॅकमेलवर शाळेत तास कसा घ्यायचा: पोक्सो कायदा हाताशी ठेवून

हा तास ठेवायचा म्हटलं की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "परिपत्रक आलंय का?" वाद घालत बसू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं (२०१२), कलम ४३ आणि २०२० च्या पोक्सो नियमांतला नियम ३, दोन्हींची छापील प्रत पुढ्यात ठेवा. कलम ४३ जनजागृतीची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकतं. नियम ३ त्याहून नेमका आहे. मुलांसाठी वयानुरूप साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करा, असं तो सांगतोच; शिवाय त्यात स्वतःची आभासी ओळख कशी जपायची आणि तक्रार कुठे करायची हेही यायला हवं, असं म्हणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाल लैंगिक शोषणाच्या साहित्याबद्दल निकाल दिला, त्यातही कलम ४३ चा आणि लैंगिक शिक्षणाचा विषय आहे. मी शाळेत समुपदेशक आहे आणि माझं काम एवढ्या कागदांवर भागतं. नाहीच भागलं तर महाराष्ट्रातल्या शाळांत मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्या बैठकीत विषय काढा.

परिपाठाला माइकवरून हे सांगू नका. एका वेळी एकच तुकडी, वर्गाचं दार लावलेलं. मी आठवी ते दहावी घेते. मुलगे आणि मुली वेगळे बसवले तरी चालेल, पण सांगायचं दोघांना तेच. "हा मुलींचा विषय" म्हणून मुलग्यांना मैदानावर पिटाळायची पद्धत आधी बंद करा. पैशांसाठी होणाऱ्या ब्लॅकमेलमध्ये मुलगेच जास्त सापडतात. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अमेरिकेच्या तपास यंत्रणांकडे अल्पवयीन मुलांच्या अशा १३,००० हून अधिक तक्रारी आल्या, त्यांत बहुतेक मुलगे होते. किमान २० मुलांच्या आत्महत्यांशीही हे प्रकार जोडले गेले. ही शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे, वर्गात उच्चारू नका. मुलग्यांच्या तासाला मी खेळाच्या सरांना सोबत घेते. माझ्यासमोर जी पोरं खिडकीबाहेर बघत बसतात, ती सरांना नंतर गाठून विचारतात.

आता तासात काय सांगायचं ते. "फोटो पाठवू नका" हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. अख्खा तास त्यावरच घालवणारी व्याख्यानं मला नुसती निरुपयोगी नाही, घातक वाटतात. समोरच्या चाळीस-पन्नास पोरांत कुणीतरी आधीच पाठवलेला आहे असं धरून बोला. त्या मुलाला तुमच्या व्याख्यानातून एवढंच ऐकू येतं की चूक माझी आहे. ब्लॅकमेल करणाऱ्याचंही सगळं भांडवल तेवढंच असतं.

त्यापेक्षा त्याची चाल उलगडून दाखवा. अनोळखी आयडीवरून रिक्वेस्ट येते, दोन-चार ओळखीचे फॉलोअर दिसतात म्हणून ती घेतली जाते. गोड गप्पा, मग "दुसऱ्या ॲपवर ये ना". समोरून आधी फोटो येतो, म्हणजे आपलाही द्यायला हरकत नाही असं वाटतं. फोटो गेला की काही मिनिटांत सूर पालटतो. तुझ्या सगळ्या मित्रांच्या, नातेवाइकांच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली "दहा मिनिटांत पैसे टाक नाहीतर व्हायरल करीन". फळ्यावर हे क्रमानं लिहा. आपल्याला आलेला मेसेज शब्दशः फळ्यावर दिसला की हा माणूस रोज अनेकांना हेच पाठवतो, हे मुलांना कळतं. पण नेहमी अनोळखीच असतो असं भासवू नका. शाळेत कानावर येणाऱ्या प्रकरणांत पूर्वीचा मित्र, पुढच्या तुकडीतला मुलगा असाही असतो, आणि पैशांऐवजी आणखी फोटो किंवा भेट मागितली जाते.

मग फोटो गेल्यानंतरच्या पहिल्या तासाभराचं बोला. वेळ इथेच खर्च करा. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही. धमकीचे मेसेज, आयडीचं नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ, पैसे मागितलेला यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे. नंतरच ॲपवर रिपोर्ट करून ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात. घरी सांगायची भीती वाटत असेल तर १०९८, ही मुलांची हेल्पलाइन. "टेक इट डाउन" ही मोफत सेवाही दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या फोटोंसाठी ती आहे. फोटो फोनमधून बाहेर जातच नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या त्यावरून आपल्याकडचा फोटो शोधून हटवतात.

कायद्यातलं एकच कलम मुलांना सांगा, पण नीट सांगा: पोक्सोचं कलम ११. मुलाच्या शरीराचं चित्रण वापरण्याची लैंगिक हेतूनं धमकी देणं हाच गुन्हा आहे, आणि ते चित्रण "खरं किंवा बनावट" कसंही असो. हे शब्द २०१२ पासून कायद्यात आहेत, एआयनं चेहरा चिकटवलेला फोटोही त्यात बसतो. कलम १२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फोटो व्हायरल होण्याची वाट बघावी लागत नाही, यावर मुलं हमखास चमकून बघतात.

शिक्षकांनी स्वतः काय टाळायचं ते आधी शिक्षकांच्या खोलीत बोलून घ्या. मूल रडत आलं की "दाखव बघू, मला पाठव" असं तोंडातून निघतं. तो फोटो तुमच्या फोनवर घ्यायचा नाही, मुख्याध्यापकांना पुरावा म्हणून तर मुळीच पुढे पाठवायचा नाही. असं साहित्य बाळगणं आणि पसरवणं यावर पोक्सोचं कलम १५ आणि आयटी ॲक्टचं कलम ६७बी आहे. फोटो मुलाच्याच फोनमध्ये राहू द्या, पोलीस बघतील.

"कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी हे तासातच सांगते: "तुम्ही मला सांगितलंत तर मला पुढे कळवावं लागेल, पण काय आणि कधी ते आधी तुम्हाला सांगीन." काही मुलं हे ऐकून मागे सरतात, मान्य आहे. पण वचन मोडल्यावर तुटणारा विश्वास परत जुळत नाही, आणि ती बातमी सगळ्या वर्गात फिरते.

पोलिसांची धास्ती पालकांना जास्त असते, म्हणून पालकसभेत कलम २४ वाचून दाखवा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. कोणत्याही कारणानं मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. कलम २६ प्रमाणे जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. पालकांना आणखी एक विनंती: मुलानं सांगितल्यावर पहिल्याच रात्री फोन काढून घेऊ नका, फोडू तर नकाच. पुरावा त्यातच आहे. शिवाय पुढच्या वेळी काय सांगायचं नाही, हे मूल त्यातून शिकतं.

तासाची वेळ निवडताना शनिवार आणि शेवटचा तास टाळा. मी दुसरा किंवा तिसरा मागून घेते, म्हणजे मधल्या सुट्टीत माझ्या खोलीशी घुटमळायला मुलांना निमित्त मिळतं. त्या दिवशी दुसरं काम लावून घेऊ नका, आणि तक्रारपेटीची किल्ली शिपायाकडे नाही, तुमच्याकडे असू द्या.