आठवा महिना, हाताशी अडीच वर्षाचं पोरगं, मग पाठ टेकायची कधी

डॉक्टर म्हणतात दुपारी दोन तास पडत जा, आणि तेवढ्यात आमचं पोरगं त्यांच्याच टेबलावरचं स्टेथोस्कोप ओढत असतं. पहिल्या वेळेला मी माहेरी होते, ताट हातात यायचं, दुपारी पडले की आई थेट चहालाच उठवायची. आता दुसऱ्या वेळेला इथंच कोल्हापुरात, सासरी. मिस्टर सकाळी आठला शिरोलीला कंपनीत जातात ते सातला उगवतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळं दिवसभर मी आणि बारकं. म्हणून आधीच सांगते, सलग दोन तासांची आशा सोडा. वीस-वीस मिनिटं चोरायची, दिवसातनं तीन-चार वेळा, आणि ती चोरायला जमतात.

सातव्या महिन्यात मी एक चूक लई दिवस केली, तो झोपला की लगेच भांडी, मग मशीन लावायचं, मग राहिलेली मेथी निवडायची, आणि पाऊण तासानं तो उठला की मी अजून उभीच. आता उलटं केलंय, तो झोपला की आधी मी आडवी, आणि कामं तो जागा असताना त्याच्यासमोरच करायची. लसूण त्याच्याकडं सोलायला द्यायचा (सोलत काय नाही, पण दहा मिनिटं बसतो), कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावायच्या. भांडी राहिली तर राहू देत, भांडी काय रडत नाहीत.

आता पोरगं दुपारी झोपतच नसेल तर? तीन वर्षांच्या पुढं बऱ्याच पोरांची दुपारची झोप सुटते, ओरडून काय येत नाही. मग झोप म्हणायचंच नाही, "गप्प पडायची वेळ" म्हणायचं, पडदा ओढायचा, फॅन लावायचा, आणि तुम्ही पडल्या पडल्या होईल असा खेळ काढायचा. माझा हुकमी खेळ म्हणजे कपड्यांचे चिमटे. टोपलीभर चिमटे त्याच्याकडं द्यायचे आणि मी कुशीवर पडायचं, तो माझ्या मॅक्सीच्या काठाला एकेक चिमटा लावत जातो, सगळे संपले की काढतो आणि परत लावतो. परवा बेल वाजली म्हणून मी तशीच दारात गेले, दूधवाला माझ्या मॅक्सीकडं बघून काय बोलला नाही पण दुधाची पिशवी देताना हसत होता. दुसरा खेळ डॉक्टर-पेशंट, पेशंट अर्थातच तुम्ही. "आई उठू नको, अजून सुई राहिलीय" हे ऐकायला मिळतं, यासारखं सुख नाही.

पण डोळा लागणारच, म्हणून पडायच्या आधी दोन मिनिटं घर फिरून घ्या. सिलेंडरचा कॉक बंद, दाराची वरची कडी लावलेली, बाथरूमच्या बादल्या रिकाम्या आणि बाथरूमचं दारही बंद, कारण एवढ्याशा पोराला बादलीतलं थोडं पाणीसुद्धा धोक्याचं असतं. मी एकदा एवढं सगळं केलं आणि पिठाचा डबा विसरले. उठले तर अख्खी खोली पांढरी आणि हा मधोमध बसून "आई बघ, भाकरी". शक्यतो एकाच खोलीत दोघांनी बंद होऊन पडायचं, आणि त्या खोलीत त्याच्या हाताला येईल असं औषध, कात्री, चार्जर काही ठेवायचं नाही.

कसं पडायचं तेही सांगते. खासबागेत पैलवानाची पाठ टेकली की तो हरला, आपलंही आता तसंच, उताणं पडायचं नाही. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपायचं, कारण उताणं पडलं की पोटाचं सगळं वजन पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं, चक्कर येते आणि बाळाकडं रक्त कमी जाऊ शकतं. डावी कूस उत्तम. मध्येच जाग आली आणि उताण्या असाल तर घाबरू नका, नुसती कूस बदला. महागडी प्रेग्नन्सी उशी मी घेतली नाही, जुनी वाकळ गुंडाळून दोन गुडघ्यांच्या मध्ये घेते, झकास काम होतं. रात्री पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं आपल्याकडं ओढायची. पाणी दिवसा भरपूर आणि झोपायच्या आधी बेतानं, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. आणि रात्री तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं व्हायचं नाही, जळजळीनं बसून रात्र काढावी लागते, हे अनुभवाचे बोल.

मदत मागायची तर वेळ सांगून मागा. "जरा बघा की याला" म्हटलं की कोण बघत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्ती, चार ते पाच याला अंगणात बसवून गोष्टी सांगा, पळायला लागणार नाही", तर रोज सांगतात. मिस्टर सुट्टीच्या दिवशी त्याला गाडीवरनं रंकाळ्यावर नेतात, दीड तास. तुमचं पोरगं तीन वर्षांचं झालं असेल तर जवळच्या अंगणवाडीत घाला, सकाळचे दोन-तीन तास मोकळे मिळतात, फक्त त्या वेळेत फरशी पुसत बसू नका. भाकऱ्या विकत आणा की सरळ, थापायला किती वेळ उभं राहायचं. गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या, आम्ही नववा लागला तरी रानात भांगलण करत होतो. मी म्हटलं, काकू, तुम्हाला तेव्हा कोणी बसा म्हटलं असतं तर बसला नसता व्हय? मग काकूच आपणहून दोन भाकऱ्या घेऊन आल्या.

नोकरी करत असाल तर, कायद्यानं लागू असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे आणि त्यातले ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. सगळ्या बायका रजा नंतरसाठी साठवतात, पण मोठं पोर घरात असेल तर दोन-तीन आठवडे तरी आधी घ्याच, माझं मत.

पण सगळंच थकवा म्हणून सोडून देऊ नका. बाळ नेहमीपेक्षा कमी हललं तर डाव्या कुशीवर पडून मोजा, दोन तासांत १० हालचाली झाल्या नाहीत तर दवाखाना गाठा, आणि मोजूनही मनाला पटत नसेल तरी जाच. रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फोडल्यासारखं दुखून डोळ्यापुढं अंधुक झालं, तोंड-हात अचानक सुजले, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. बसल्या जागी धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या, ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

शेवटचं, रात्रीचं. कळा रात्रीच सुरू झाल्या तर मोठं कोणाजवळ झोपणार, हे आत्ताच ठरवा आणि त्याची सवयही आत्ताच लावा, बाळ आल्यावर हलवलं तर त्याला वाटणार बाळानं मला हाकललं. आम्ही सुरुवात केलीय. पहिल्या दोन रात्री आज्जीजवळ झोपला, तिसऱ्या रात्री तीन वाजता स्वतःची छोटी वाकळ ओढत आला आणि "मी पायाजवळ झोपतो" म्हणाला. झोपू दिलं, पायाशी, पोटाला लाथ लागणार नाही असं.