प्रचारसभेतला कायदा आणि राजपत्रातला कायदा

निवडणुकीच्या धामधुमीत एखाद्या कायद्यावर लिहायचं असेल तर भाषणं नंतर ऐका, आधी मजकूर मिळवा. तो मांडलेल्या विधेयकाचा आहे की संमत झालेल्या अधिनियमाचा, हेही बघा. महाराष्ट्राचं विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं. पुढे संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि जुलै 2025 मध्ये संमत झाला तो बदललेला मजकूर. जुन्या मसुद्यातलं वाक्य उचलून टीका केलीत, तर समोरचा एका ओळीत तुमचा लेख निकालात काढतो.

दुरुस्ती विधेयक नुसतं वाचून काही कळत नाही. ‘अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात येतील’ एवढंच त्यात असतं. मूळ अधिनियम शेजारी उघडा, ते कलम उतरवून काढा, शब्द बदला आणि मग पूर्ण वाक्य वाचा. काम कंटाळवाणं आहे, पण पळवाट बहुधा इथेच सापडते.

आता तारखा. कायदा संमत होणं, अमलात येणं आणि त्याचे नियम निघणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रचारात तिन्ही एकच करून सांगतात. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर 2019 मध्ये संमत झाला, 10 जानेवारी 2020 ला अमलात आला, पण नियम निघाले 11 मार्च 2024 ला. पाचच दिवसांनी लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. अशा तारखा एकाखाली एक लिहिल्या की विशेषणं वापरावी लागत नाहीत.

महिला आरक्षणाची 106 वी घटनादुरुस्ती सरावासाठी उत्तम. सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 अशी ती मंजूर झाली. अनुच्छेद 334अ उघडा आणि अटींची साखळी कागदावर मांडा: दुरुस्ती अमलात येणं, त्यानंतरची पहिली जनगणना, तिचे आकडे प्रसिद्ध होणं, मतदारसंघांची पुनर्रचना आणि मग आरक्षण. 2024 ची निवडणूक या साखळीत बसतच नव्हती. म्हणजे ‘आरक्षण दिलं’ हे विधान चूक, ‘आरक्षणाची तरतूद केली’ हे बरोबर. शिवाय 15 वर्षांची मुदत ‘अशा प्रारंभापासून’ मोजायची आहे. कोणता प्रारंभ? वाक्यात मागे जाऊन पाहिलं तर तो दुरुस्ती कायद्याचा प्रारंभ दिसतो, आरक्षणाचा नव्हे. संसदेला मुदत पुढे नेता येते, हेही त्याच अनुच्छेदात आहे. ते गाळून टीका करू नका.

विधेयकाची शेवटची पानं आधी वाचावीत. उद्देश व कारणांचं निवेदन ही सरकारची बाजू. त्यातला हेतू आणि खंडांमधला, म्हणजे विधेयकाच्या कलमांमधला, अधिकार यांचं माप जुळतं का ते पाहा. वित्तीय ज्ञापनात खर्च कुठून येणार ते कळतं. अधिकार सोपवण्याच्या ज्ञापनात काय काय नंतर नियमांनी ठरणार याची यादी असते. ‘विहित करण्यात येईल’, म्हणजे नंतर नियमांनी ठरवलं जाईल, हे शब्द मोजा. दंड, पात्रता, अपिलाची मुदत यांसारखा गाभाच ‘विहित’ होणार असेल, तर विधिमंडळाने कोरा धनादेश दिला आहे.

संदिग्ध शब्दाची परीक्षा सोपी: त्याचा अर्थ पहिल्यांदा कोण लावणार? न्यायालय खूप नंतर येतं, आधी पोलीस ठाणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये ‘अतिशय आक्षेपार्ह’, ‘त्रास’ असे शब्द होते आणि व्याख्या एकाचीही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला ते कलम रद्द केलं. असा शब्द सापडला की त्यात बसू शकतील अशी तीन कृत्यं लिहा: एक उघड गुन्हा, एक निव्वळ टवाळी, एक सरकारवरची टीका. तिन्ही बसत असतील तर दोष दाखवून झाला.

लिहिताना खंडाचा क्रमांक आणि मूळ शब्द अवतरणात द्या, आणि शक्य तिथे पर्यायी शब्दरचनाही. नेत्याच्या हेतूवरचा परिच्छेद मोह आवरून काढून टाका. तो असला की वाचक खंडाकडे बघतच नाही. लेखावर तारीख घाला. अधिवेशन चालू असेल तर वेळसुद्धा, कारण सकाळी वाचलेला खंड संध्याकाळपर्यंत बदललेला असू शकतो.