धाप लागलेला रुग्ण: आधी काय बघायचं, ऑक्सिजन कधी, बॅग कधी

तपासणी दारातूनच सुरू होते. रुग्ण बसलाय कसा, बोलतोय कसा, रंग कसा आहे, हे जवळ पोचायच्या आधीच दिसतं. हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसलेल्याला आडवं करू नका. ती बैठक त्याने श्वासासाठीच शोधलेली असते. नाव आणि काय होतंय ते विचारा. पूर्ण वाक्य आलं तर थोडी उसंत आहे. दर दोन शब्दांनी थांबावं लागत असेल तर नाही. निळसरपणा ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर आणि नखांखाली शोधा. सावळ्या चेहऱ्यावर गालावरून काही कळत नाही.

श्वास मोजताय हे रुग्णाला कळू देऊ नका, कळलं की लय बदलते. मनगट धरून नाडी बघत असल्यासारखं ठेवा आणि नजर छातीवर. तान्ह्या बाळाचं पोट बघा. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. लय अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजा. विसावलेल्या प्रौढाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास असतात, तान्ह्या बाळाचे 30 ते 50 च्या आसपास.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका. प्रौढाच्या एका श्वासात साधारण 500 मिली हवा आत जाते, त्यातली 150 मिली श्वासनलिकांमध्येच राहते. मिनिटाला 16 श्वास घेणाऱ्याच्या वायुकोशांत (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) सुमारे साडेपाच लिटर हवा पोचते. 200 मिलीचे उथळ 40 श्वास घेणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम 2 लिटर. जोरजोरात धापा टाकणारा माणूस उपाशीच राहतो तो असा. म्हणून छाती किती उचलली जाते ते बघा, हात ठेवून दोन्ही बाजू सारख्या उठतात का ते तपासा. बरगड्यांमधली आणि गळपट्टीच्या हाडावरची जागा आत ओढली जाणं, मानेचे स्नायू ताणले जाणं, नाकपुड्या फुलणं, ही सगळी जादा मेहनतीची चिन्हं.

आवाजावरून जागा कळते. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय: हनुवटी उचला, मार लागल्याची शंका असेल तर फक्त जबडा पुढे ढकला. गुळगुळ म्हणजे द्रव साचलाय: सक्शन करा, म्हणजे नळीने तो ओढून काढा, प्रौढाला एका वेळी 15 सेकंदांपेक्षा जास्त नाही. श्वास आत घेताना कर्कश आवाज आला तर अडथळा घशाशी आहे. बाहेर सोडताना शिट्टी वाजली तर खालच्या नळ्या आवळल्यात.

सगळ्यात फसवी वेळ दम्याच्या रुग्णात येते. शिट्टी थांबते, 36 श्वासांचे 14 होतात, रुग्ण शांत होतो, नातेवाईक म्हणतात, ‘आता बरं वाटतंय त्याला.’ डोळे मिटत असतील, हाकेला उत्तर उशिरा येत असेल तर तो बरा होत नाहीये, थकलाय. हवाच आत-बाहेर जात नसेल तर शिट्टी वाजणार कशी?

निर्णय इथेच होतो. श्वास पुरेसा खोल आहे पण त्रास होतोय, तर ऑक्सिजन: सौम्य त्रासाला नाकातली नळी, मिनिटाला 1 ते 6 लिटर, तीव्र त्रासाला पिशवीचा मास्क (नॉन-रिब्रीदर), 10 ते 15 लिटर. मास्क चढवण्याआधी त्याची पिशवी भरून घ्या. जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असेल तर ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के पुरतात. पण तीव्र त्रासात ऑक्सिजन जास्त होईल या भीतीपायी तो अडवू नका. गार बोटांवर किंवा नेलपॉलिशवर ऑक्सिमीटर चुकतो, आणि धुरात सापडलेल्या माणसाला तो खोटे 99 दाखवू शकतो.

श्वास उथळ, फार मंद किंवा रुग्ण गुंगीत असेल तर नुसता मास्क कामाचा नाही, बॅगनेच, म्हणजे मास्कला जोडलेली पिशवी हाताने दाबून, हवा द्यावी लागते. शुद्ध नाही आणि अधूनमधून नुसते आचके येताहेत, तर त्याला श्वास समजू नका. 10 सेकंदांत नाडी लागली नाही तर थेट सीपीआर (छाती दाबून हृदय चालवणं).

बॅग दोघांनी वापरलेली बरी: एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने दाबायची. मास्क चेहऱ्यावर दाबू नका, जबडा उचलून मास्कला भिडवा. नाडी चालू असलेल्या प्रौढाला दर 6 सेकंदांनी एक श्वास, मुलाला दर 2 ते 3 सेकंदांनी. प्रत्येक श्वास एका सेकंदात, छाती उचललेली दिसली की थांबा. घाईत सगळेच भराभर आणि पूर्ण बॅग दाबतात. मग हवा जठरात जाते, उलटी होते, छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तही घटतं. पोट फुगलेलं दिसलं तर ते दाबू नका, उलटी फुफ्फुसात जाईल. डोक्याची ठेवण सुधारा, बॅग हलकी दाबा, सक्शनची नळी हाताशी ठेवा.