दार न ठोठावता जनगणना: सरकारी नोंदींवरून माणसं कशी मोजायची

सरकारी दप्तरात नाव चढतं लवकर, उतरतं उशिरा. रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, पीएफ यांत नाव घालायची गरज असते, म्हणून माणूस रांगेत उभा राहतो. नाव कमी करायला कुणी कामाचा खाडा करत नाही. नोंदींवरून जनगणना करताना खरं कसब लागतं ते इथे: यादीतला माणूस ठरलेल्या दिवशी त्या पत्त्यावर होता का?

डेन्मार्कने १९८१ मध्ये आणि फिनलंडने १९९० मध्ये संपूर्ण जनगणना नोंदींवरून केली. आपली जनगणना अजून घरोघरी जाऊनच होते; पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. पण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून, या नोंदींच्या राष्ट्रीय डेटाबेसला कायद्याचा आधार मिळाला. मुंबईतल्या एखाद्या वॉर्डापुरता प्रयोग करायचा असेल, तर तो या क्रमाने करावा.

आधी 'राहतो' म्हणजे काय, ते लिहून काढा

प्रत्येक रजिस्टरचा रहिवासी वेगळा असतो. आधारसाठी मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवसांचं वास्तव्य धरतात. मतदार यादीत 'सर्वसाधारण रहिवासी' असतो, म्हणजे नेहमी तिथे राहणारा. जन्म आणि मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदवला जातो, आणि आपल्याकडे घोळ होतो तो यातच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. दाखला साताऱ्याचा, बाळ तीन महिन्यांनी घाटकोपरला. म्हणून जन्माचं ठिकाण हा पत्ता धरू नका. जन्मनोंदीच्या अर्जात सांख्यिकी भागात आईचं राहतं गाव किंवा शहर विचारलेलं असतं, ते घ्या. गावी जाऊन वारलेल्या म्हाताऱ्या माणसाची नोंदही गावच्या ग्रामपंचायतीत असते, त्यामुळे फक्त महापालिकेची मृत्युनोंद पाहिलीत तर तो वॉर्डात जिवंतच राहतो. एकच तारीख आणि सहा महिन्यांचा एकच नियम ठरवा. सगळ्या नोंदी त्याच मापाने मोजा.

पत्त्याचं रजिस्टर: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

माणसं, घरं आणि रोजगार या तीन रजिस्टरांवर सगळा डोलारा उभा असतो. मुंबईत त्यातलं घराचं रजिस्टर सर्वात कच्चं. मालमत्ता कराची नोंद बहुधा इमारतीची असते, खोलीची नसते. वीज मीटर मालकाच्या नावावर, राहणारा भाडोत्री. कुठे एकाच मीटरवर तीन खोल्या. 'रूम नं. १४, चाळ कमिटी, गणेश मंदिराच्या मागे' हाच पत्ता पाच दप्तरांत पाच तऱ्हांनी लिहिलेला सापडेल.

पत्ता एका रकान्यात ठेवू नका. खोली, चाळ किंवा इमारत, गल्ली, पिनकोड असे तुकडे पाडा. मंदिर, नाका, पाण्याची टाकी अशा खुणा वेगळ्या रकान्यात ठेवा. यंत्राने जुळवताना त्या वगळा, माणसाने तपासताना त्या फार कामी येतात. प्रत्येक दाराला कायमचा संकेतांक आणि अक्षांश-रेखांश द्या. पुनर्विकासासाठी 'मूळ पत्ता' आणि 'सध्याचा मुक्काम' असे दोन रकाने हवेतच. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली कुटुंबं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात जातात, पण कागद जुन्याच खोलीचे राहतात. हा रकाना नसेल तर पाडलेल्या इमारतीत माणसं मोजली जातात.

नोंदी जोडणं

ओळख क्रमांक वापरायला कायद्याची परवानगी असेल, तर आधी त्याचा शेवटचा अंक तपासा. आधारचा बारावा अंक व्हरहॉफ पद्धतीचा तपासणी अंक आहे. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो पकडतो. मग मूळ क्रमांक काढून गुप्त संकेतांक बसवा. जोडणी करणाऱ्याला तपशील दिसू नये आणि तपशील पाहणाऱ्याला नाव दिसू नये.

क्रमांक नसेल तिथे नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांना गुण देऊन जोड्या लावा. वरच्या गुणांच्या स्वीकारा, खालच्या सोडा, मधल्या माणसाने पाहायच्या. दोन सापळे सांभाळा. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणून तिथे तिचं स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि मुलांची नावं यांना जास्त वजन द्या. दुसरा सापळा १ जूनचा. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली ही तारीख हजारो लोकांची जन्मतारीख आहे. आधारमध्ये तसंच १ जानेवारीचं होतं. या दोन तारखा जुळल्या तर फक्त वर्ष जुळलं असं समजा.

वास्तव्याच्या खुणा

माणूस शहरात आहे याची खूण म्हणजे वर्षभरात त्याने कुठल्या तरी दप्तराला लावलेला हात: शाळेची हजेरी, पीएफचा भरणा, रेशन दुकानात अंगठा लावून उचललेलं धान्य. एस्टोनियाने २०२१ ची जनगणना अशाच खुणांवर उभारली. नुसतं मतदार यादीतलं नाव ही खूण नव्हे.

हिशोब साधा ठेवा. प्रत्येकाला वास्तव्याचा एक गुणांक द्या: यंदाचा गुणांक = ०.८ × मागचा गुणांक + ०.२ × यंदाच्या खुणा. खुणांची बेरीज ० ते १ मध्ये बसवा आणि ज्याचा गुणांक ०.७ च्या वर असेल तो रहिवासी धरा. पूर्ण १ असलेल्या माणसाची एक वर्ष काहीच खूण नसली तर ०.८ होतो, तो राहतो. दुसऱ्या वर्षी ०.६४, तो गळतो. तिसऱ्या वर्षी भरपूर खुणा दिसल्या तर ०.७१ होऊन परत येतो.

या पद्धतीत घरात बसलेली आजी हमखास गळते. तिला पगार नाही, शाळा नाही, धान्य सून आणते. म्हणून एका दारामागच्या कुटुंबाची खूण तिलाही लावा. हे विसरलात तर आकडेवारीत म्हाताऱ्या बायका कमी दिसतात आणि उद्या त्यांच्यासाठीच्या सोयीही तितक्याच कमी आखल्या जातात.

चूक किती, ते मोजा

काही प्रगणन गट (एका प्रगणकाला मोजायला दिलेला घरांचा भाग) निवडा आणि तिथे रजिस्टर न दाखवता प्रगणक पाठवून स्वतंत्र पाहणी करा. वॉर्ड सोडून गेलेली आणि मेलेली माणसं रजिस्टरमधून आधी वजा करा. समजा रजिस्टरमध्ये ९०० जण, पाहणीत ८५०, दोन्हीकडे ८१०. पाहणीतल्या ८५० पैकी ८१० जणच रजिस्टरमध्ये सापडले, म्हणजे रजिस्टर त्याच प्रमाणात अपुरं. मग एकूण माणसांचा अंदाज ९०० × ८५० ÷ ८१०, म्हणजे सुमारे ९४४. आता नावांच्या स्पेलिंगमुळे ४० जोड्या जुळल्याच नाहीत, तर भागायला ७७० राहतात आणि अंदाज ९९४ होतो. एकही माणूस न वाढता ५० जण वाढले! त्यामुळे न जुळलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

मातृभाषा, शौचालय, पाण्याचा नळ, नाक्यावरच्या मजुराचं काम हे कुठल्याच एका रजिस्टरमध्ये नीट मिळत नाही. त्यासाठी नमुना पाहणी करावीच लागते.

आणि माहिती एकाच दिशेने वाहू द्या: दप्तराकडून गणनेकडे. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार गणनेच्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये, जनगणनेच्या माहितीवरून रहिवासी नोंदवही दुरुस्त करण्याची तरतूदच रद्द केली होती. तेव्हा पाहणीत एखाद्या खोलीत रेशन कार्डापेक्षा चार माणसं जास्त सापडली, तर तो आकडा गणनेत धरा. ती नावं रेशन कचेरीत जाता कामा नयेत.