लिफ्ट केल्यावर गाडी थरथरते? आधी कोन मोजा, मग पाकीट उघडा

जिप्सीला दोन इंचांची लिफ्ट केली, मोठे टायर घातले आणि पहिल्याच रविवारी नवा कात्रज बोगदा ओलांडून खेड शिवापूरकडे निघालो. काटा ७० वर गेला आणि सीटखाली पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचा दीड महिना प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. टायर बॅलन्स कर, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) बदल, इंजिनाचे माउंट बदल, आणि सगळ्यांचा आवडता, ‘गाडी उंच केलीस ना, मग एवढं होणारच.’ तीनदा बॅलन्सिंगचे पैसे भरले. थरथर जागची हलली नाही, कारण दुखणं चाकात नव्हतंच.

म्हणून पहिलं काम, थरथर कुठली ते ठरवा. चाकाची थरथर हळू असते आणि स्टिअरिंगवर डोळ्यांनी दिसते. शाफ्टची, म्हणजे इंजिनाची ताकद ऍक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या नळीची थरथर बारीक आणि जलद असते. ती फरशीतून, सीटमधून, गिअरच्या दांड्यातून येते आणि कानाला घरघर वाटते. हिशोब सोपा आहे. २३५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.३ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला जेमतेम १० फेरे घेतं. ऍक्सलचं गुणोत्तर ४ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) धरलं तर शाफ्ट तेवढ्यात ३९ च्या आसपास फिरतो. शाफ्टचे कोन चुकले असतील तर प्रत्येक फेऱ्यात दोन झटके बसतात, म्हणजे सेकंदाला ७७. ही घरघर आणि स्टिअरिंगची हलहल यांत गल्लत करणाऱ्या माणसाला गाडी देऊ नका. त्याच वेगात गिअर न्यूट्रल करून पाहा. इंजिन शांत झालं तरी घरघर तशीच राहिली, तर इंजिन आणि माउंट यादीतून बाद.

खात्रीच हवी असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवा, पुढचे हब लॉक करा, फोर व्हील हायमध्ये टाका आणि फक्त पुढच्या चाकांवर मोकळ्या रस्त्याने एक चक्कर मारा. घरघर गेली की गुन्हेगार सापडला. शाफ्टचं टोक सरळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या आणि मागच्या ऍक्सलला ताकद वाटणारी पेटी) सरकणारं असेल, तर तो काढल्यावर तेल वाहतं, अशा गाडीवर हा प्रयोग नको. आणि शाफ्ट काढण्यापूर्वी चारही चाकांना दगड लावा. टू व्हीलमध्ये असलेली गाडी शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवली तरी सरकते, आणि काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेकसुद्धा शाफ्टवरच धरतो. शाफ्ट गेला की तोही गेला.

शाफ्ट हातात आलाच आहे तर क्रॉस बोटांनी फिरवून पाहा. अडकतो किंवा खुळखुळतो तो बदला. नाना पेठेत मिळतात, फक्त जुना नमुना बरोबर न्या. स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) वेगळी करण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ मारा. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत यायला हवेत. जोडताना एक दात जरी चुकला तरी नवीच थरथर विकत घेतली म्हणून समजा. लिफ्टमुळे शाफ्ट किती बाहेर ओढला गेलाय तेही पाहा. स्प्लाइन टोकाशी थोडीशीच अडकलेली असेल तर शाफ्ट लांब करून घ्यावा लागेल किंवा फ्लँजमागे (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) स्पेसर घालावा लागेल.

आता खरं काम. इथेच मी आपटलो होतो, त्यामुळे सावकाश वाचा.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग सारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा कमीजास्त होतो, एका फेऱ्यात दोनदा. ३ अंशांच्या कोनात हा फरक नगण्य असतो, १० अंशांवर वेग दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली जातो. शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे असले की एका क्रॉसने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. कंपनीतून गाडी येते तेव्हा ही जुळणी ठीक असते. लिफ्टच्या पाट्यांनी (लीफ स्प्रिंग) किंवा लांब शॅकलने (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) ऍक्सल थोडा फिरतो आणि पिनियनचं नाक, म्हणजे ऍक्सलचं शाफ्ट जोडायचं टोक, वरखाली होतं. जुळणी बिघडते ती तिथे.

मोजायला चुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्या, बोहरी आळीत मिळतो. गाडी स्वतःच्या चाकांवर, टाकी अर्धी भरलेली आणि मागे नेहमीचं सामान, अशी उभी करा. गाडी जॅकवर टांगून घेतलेलं माप कचऱ्यात टाका. जमीन पूर्ण सपाट नसली तरी चालेल, कारण आपल्याला फक्त फरक हवेत. पण तिन्ही मापं होईपर्यंत गाडी हलवू नका. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा कोन, शाफ्टचा कोन आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन लिहून ठेवा. कशाचा उतार कुठल्या बाजूला आहे तेही बाणाने काढा.

माझी मापं अशी आली. ट्रान्सफर केस मागच्या बाजूला ४ अंश उतरती, शाफ्ट ११ अंश, आणि पिनियनचं नाक जेमतेम १.५ अंश वर. म्हणजे पुढचा कोन ११ वजा ४, ७ अंश. मागचा ११ वजा १.५, साडेनऊ. फरक अडीच अंशांचा. एक अंशाच्या आत हवा. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला पिनियन आणि ट्रान्सफर केस समांतर लागतात. एका टोकाला जोडक्रॉस (एकापाठोपाठ दोन क्रॉस) असलेल्या शाफ्टचं गणित वेगळं, तिथे पिनियन शाफ्टच्या रेषेतच बघत असावा लागतो. दोन्हींची सरमिसळ करून सल्ले देणारे खूप आहेत.

मला पिनियनचं नाक वर उचलायचं होतं. मापाने अडीच अंश हवा होता, पण मी २ अंशांची पाचर, म्हणजे पाटा आणि ऍक्सल यांच्यामध्ये घालायची तिरकी पट्टी, घेतली. पाट्यांच्या गाडीत ऍक्सिलरेटर दाबला की ऍक्सल मागे मुरडतो आणि नाक आपोआप थोडं उचललं जातं, त्यासाठी तेवढी जागा ठेवायची. पाचर पोलादी हवी, पाट्याच्या रुंदीची. ऍल्युमिनियमच्या पाचरी दबतात आणि तडकतात, फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतल्या.

आणि मग मी त्या उलट्या बसवल्या.

मित्राच्या गाडीत जाड बाजू मागे ठेवून काम झालं होतं, म्हणून माझ्याही गाडीत तसंच केलं. त्याच्या गाडीत पाटा ऍक्सलच्या वर बसतो. जिप्सीत तो खाली असतो. नाक उचलण्याऐवजी मी ते आणखी २ अंश खाली नेलं, फरक साडेचारवर गेला आणि गिरणी ७० ऐवजी ५५ लाच सुरू झाली. मागच्या ऍक्सलसाठी लक्षात ठेवा: नाक वर हवं असेल आणि पाटा ऍक्सलच्या वर असेल, तर जाड बाजू मागे. पाटा खाली असेल, तर जाड बाजू पुढे. पाठ करायचं नसेल तर असं करा. चासी स्टँडवर घ्या, यू बोल्ट (पाटा ऍक्सलला बांधणारे) सैल करा, पण काढू नका, आणि पिनियनच्या नाकाखाली जॅक लावून हलकेच उचला. पाटा आणि ऍक्सलची बैठक यांच्यात ज्या बाजूला फट पडेल, जाड बाजू तिथे.

पाचरीमुळे सेंटर बोल्टचं (पाट्याच्या मधल्या बोल्टचं) डोकं बैठकीच्या भोकात पुरेसं उतरत नाही. उंच डोक्याचा बोल्ट घाला, नाहीतर ऍक्सल ब्रेक मारताना सरकतो. दोन पाचरी एकावर एक ठेवू नका. चार अंशांहून जास्त फरक निघाला तर बैठक कापून नव्या कोनात वेल्ड करणं बरं. यू बोल्ट नवेच घ्या. हे झाल्यावर तिन्ही मापं पुन्हा घ्या, कारण नाक उचललं की शाफ्टचा कोनही किंचित बदलतो.

ट्रान्सफर केस वॉशर घालून खाली उतरवा, असा सल्ला जिप्सीवाल्यांनी मुळीच ऐकू नये. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट आहे. मागचे कोन सुधारायला जाल आणि त्या छोट्याचे बिघडवाल. शिवाय उंची वाढवण्यासाठी लिफ्ट केली आणि पोट खाली आणलं, याला काय म्हणायचं?

कॉइल स्प्रिंगच्या जिम्नीसारख्या गाडीत पाचर बसत नाही, तिथे कमीजास्त लांबीचे आर्म किंवा सरकवलेले बुश लागतात. पुढच्या ऍक्सलचं नाक नुसत्या थरथरीसाठी उचलू नका. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि गाडी रस्ता सोडून भटकते.

चाचणीसाठी नवले पुलाचा उतार निवडू नका, तिथे आधीच पुरेसे अपघात होतात. सपाट रस्त्यावर एकदा ऍक्सिलरेटर दाबून, एकदा सोडून आणि एकदा एकसारख्या वेगात चालवा. दाबल्यावरच घरघर आली तर नाक बहुधा जास्त वर आहे, सोडल्यावर आली तर खाली. तिन्ही वेळा एकसारखी राहिली आणि कोनही जुळलेले असतील, तर आता शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. आत्ता, सगळ्यात आधी नाही. यू बोल्ट १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर एकदा पुन्हा आवळा. माझ्या गाडीत पहिल्या वेळी प्रत्येक नट पाव फेरा फिरला होता.