बूम लिफ्ट मध्येच बंद पडते? मेकॅनिकला फोन लावायच्या आधी या चुका टाळा

पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या एका साइटवरून फोन आला, डिझेल बूम लिफ्ट (लांब हाताच्या टोकाला बास्केट लावून माणसाला वर नेणारी मशीन) बंद पडलीय आणि माणूस वर बास्केटमध्ये अडकलाय. आमचं वर्कशॉप नवी मुंबईत रबाळ्याला, आणि माजिवड्याचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. पोचून बघतो तर टाकी तळाला! इंजिनाला काही झालेलंच नव्हतं.

ह्यातल्या बऱ्याच मशीन टाकी पूर्ण रिकामी व्हायच्या आधी मुद्दाम इंजिन बंद करतात. डिझेल पूर्ण संपलं की लाइनमध्ये एअर येते, मग फिल्टरपासून एअर काढत बसा, आणि हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच, तो कोरडा फिरला की खर्च मोठा. आधी लाइट लुकलुकते, बीप वाजतो, पण साइटच्या आवाजात ऐकतो कोण. काही मॉडेलमध्ये बंद पडल्यावर थोड्या वेळासाठी परत स्टार्ट होतं, तो वेळ फक्त बूम खाली घ्यायला असतो. आपले लोक त्यात अजून दोन काचा बसवून घेतात.

त्या दिवशीची खरी चूक वेगळीच होती. ऑपरेटर भाऊंनी सेल्फ मारून मारून बॅटरी डाऊन केली, आणि त्या मशीनचा खाली उतरवणारा इमर्जन्सी पंप पण त्याच बॅटरीवर! शेवटी दुसरी बॅटरी जोडून उतरवला माणूस. सेल्फ दहा-पंधरा सेकंदच मारा, मग थांबा, दोन-तीनदा नाही झालं तर सोडून द्या आणि इमर्जन्सीने खाली या. खालचा कंट्रोल चालवता येणारा एक माणूस साइटवर पाहिजेच, तो चहाला गेला असेल तर काय उपयोग.

डिझेल संध्याकाळी भरून ठेवा, सकाळी नाही. अर्धी टाकी रात्रभर ठेवली की आपल्या दमट हवेत आत पाणी सुटतं. उघड्यावर ठेवलेल्या ड्रममधून नरसाळ्याने भरत असाल तर वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) रोज ड्रेन करा. आणि कोणी सेन्सरची वायर काढून शटडाउन बायपास करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता सायलेन्सरमधल्या फिल्टरचं. बऱ्याच नव्या मशीनला डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि साधारण ६०० डिग्रीच्या आसपास जाळून टाकतो. पण लिफ्टचं काम कसं असतं, ऐरोलीच्या एखाद्या आयटी पार्कला माणूस वर काच पुसतोय आणि इंजिन तासभर नुसतं आयडलवर. एवढ्यात एक्झॉस्ट तापतच नाही, काजळी साठत जाते. पिवळी लाइट लागली की मशीन स्वतः क्लीनिंग, म्हणजे ती काजळी जाळणं, मागते, तेव्हा "आत्ता वेळ नाही" म्हणून रोज कॅन्सल करतात, मग पॉवर कमी होते, मग लॅपटॉप जोडून काम करणारा मेकॅनिकच बोलवावा लागतो.

पार्क करून क्लीनिंग म्हणजे मशीन उघड्यावर सपाट जागी, बूम पूर्ण खाली, एक्झॉस्टसमोर ताडपत्री, थर्माकोल, सुकं गवत काहीही नको. बेसमेंटमध्ये तर नकोच. अर्धा-पाऊण तास लागू शकतो, तेवढा जेवणाच्या सुट्टीत निघतो. टाकीत डिझेल कमी असेल तर काही मशीन क्लीनिंग सुरूच करत नाहीत, म्हणजे टाकी तळाला ठेवायची सवय इथे पण नडते.

फिल्टर काढून पाण्याचा प्रेशर मारणारे, कंप्रेसरची जोरात हवा मारणारे पण बघितलेत. आत सिरॅमिकची जाळी असते, ती तडकते, आणि ती काजळी तुमच्या फुफ्फुसात जाते ते वेगळंच. काजळी जळते पण इंजिन ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती फिल्टर साफ करायच्या खास मशीनवर काढून घ्यावी लागते, म्हणून ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच टाका. डिझेल बीएस-६ पाहिजे, ते देशभर १ एप्रिल २०२० पासून मिळतंय, सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम. स्वस्तातलं कॅनमधलं भरलंत तर फिल्टरची वाट लागलीच समजा.

आणि डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत जा. क्लीनिंग अर्धवट सोडत राहिलं की काही इंजिनांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी उलट वाढते. ऑपरेटर खुश, ऑइल जळत नाही म्हणून!