मोनेची फ्रेम घेताय? माझ्या या चुका टाळा

मागच्या दिवाळीआधी वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरी रंगकाम झालं, सोफ्यामागची भिंत अगदीच बोडकी वाटायला लागली म्हणून मी फ्रेंच चित्रकार मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्राचा प्रिंट ऑनलाइन मागवला, ३६ बाय २४ इंच, सोनेरी फ्रेमसकट. खोकं उघडलं तर आई चष्मा पुसत म्हणते, "अगं, हा सूर्य आहे का झीरोचा बल्ब?" आणि खाली डावीकडे बघते तर मोनेची सहीच अर्धी उडालेली!

सहीचं आधी सांगते. मूळ चित्र ४८ बाय ६३ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी ३६ इंच घेतली तर उंची साधारण साडेसत्तावीस हवी. विकणाऱ्याकडे तयार फ्रेम २४ ची, मग काय, वरून खालून मिळून जवळपास साडेतीन इंच चित्र कापलं. ऑर्डरच्या आधी मूळ माप शोधा आणि कॅल्क्युलेटरवर एक भागाकार करा, बस. कॅनव्हास लाकडी पट्ट्यांवर ताणून येणार असेल तर कडेला चित्र वळवणार की पांढरी कड सोडणार हेही विचारा, नाहीतर तिथेही इंच-दीड इंच जातो.

आता बल्ब. या चित्रातली खरी गंमत अशी की सूर्य केशरी असला तरी त्याचा उजेड भोवतीच्या राखाडी आकाशाइतकाच आहे, ब्लॅक अँड व्हाइट केलं की सूर्य जवळजवळ गायबच होतो. म्हणून तो धुक्यात थरथरल्यासारखा वाटतो. विकणारे तो उठून दिसावा म्हणून रंग भडक करतात आणि सगळी मजा घालवतात. तेव्हा साइटवरचा फोटो मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सूर्य पांढराफटक चमकला तर तो प्रिंट घेऊ नका. (आईला मात्र दुसरा, बरोबर रंगाचा प्रिंट फिका वाटतो, तिला बल्बच बरा होता म्हणे.)

'लिमिटेड एडिशन', 'सर्टिफिकेट' असल्या शब्दांना जास्त पैसे देऊ नका. मोने १९२६ साली गेला, कॉपीराइट कधीच संपला, कोणीही छापू शकतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या साइटवर तर त्याच्या गव्हाच्या गंजींसारख्या चित्रांचे मोठे फोटो फुकट डाउनलोड होतात, इथल्याच चांगल्या लॅबमधून छापून घ्या. लांबची बाजू २४ इंच हवी तर त्या बाजूला ७२०० पिक्सेल म्हणजे उत्तम, भिंतीवर लांबून बघायचं तर ३६०० वर पण भागतं. शाई पिगमेंटची आहे का हे नक्की विचारा, साधी डाय शाई उन्हात लवकर उडते, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तर काहीच लावू नका.

अजून एक, व्हॅन गॉगचं 'स्टारी नाइट' इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोनेच्याच शैलीचं, म्हणून विकतात. पण तो नंतरच्या पिढीचा. आवडत असेल तर घ्याच, फक्त सेट म्हणून मोनेच्या शेजारी लावलंत तर ते गुपचूप धुकं बिचारं दिसेनासं होतं.

आणि काच! रावपुऱ्याकडच्या एका फ्रेमवाल्याला मी म्हटलं, प्रिंट आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट टाका, तर तो "चाली जशे" (तसंच चालेल) म्हणून मोकळा. वडोदऱ्याचा पावसाळा माहितीये ना, ऑगस्टमध्ये प्रिंट काचेला असा चिकटला की सोडवताना पाण्याचा अख्खा निळा पट्टा काचेवरच राहिला. शिवाय मागे साधा हार्डबोर्ड होता, तो फुगला, कोपऱ्यात कसर लागली. तेव्हा अॅसिड-फ्री माउंट हवाच, मागची फट टेपने बंद, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, भिंतीला ओल आली तरी मधून हवा खेळते. बाथरूमच्या सामाईक भिंतीवर तर तेही करून उपयोग नाही, तिथे कॅलेंडरच लावा.